आखाजीचा इसार देण्याआधी : खान्देशात घर विकत घेताना तपासणी का आणि कशी करावी

खान्देशात घरांचे पुष्कळ सौदे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, किंवा दसऱ्याला पक्के होतात. मुहूर्ताबद्दल येथे काही म्हणायचे नाही. परंतु घर पारखण्याच्या दृष्टीने हे दोन्ही दिवस गैरसोयीचे आहेत, ही गोष्ट इसाराची रक्कम हातावेगळी करण्याआधी ध्यानात घ्यावी. आखाजी ऐन वैशाखात येते. त्या सुमारास जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिसाच्या आसपास असतो, भिंतींतील ओल आटलेली असते, गच्ची कोरडी ठणठणीत असते आणि गळके घरही धडधाकट दिसते. दसऱ्याला याच्या उलट स्थिती असते. पावसाने जमीन फुगलेली असते, उन्हाळ्यात उघडलेल्या भेगा तिने पुन्हा मिटवलेल्या असतात, आणि श्रावणात भिंतीवर उमटलेल्या ओलीवर नुकताच रंगाचा हात फिरलेला असतो. म्हणून या भागात घर दोन ऋतूंत पाहावे, एकदा कडक उन्हाळ्यात आणि एकदा भर पावसाळ्यात. आणि तेवढी सवड नसेल, तर ज्या ऋतूत आपण घर पाहत आहोत तो कोणता दोष लपवतो हे समजून घेऊन त्याच दोषाचा आधी शोध घ्यावा.

दोष शोधण्याची जबाबदारी कोणाची

घरात काही उणे असेल तर विक्रेता सांगेलच, अशी समजूत करून घेऊ नये. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार विक्रेत्याने मालमत्तेतील महत्त्वाचे दोष खरेदीदारास सांगणे बंधनकारक आहे हे खरे. परंतु ते बंधन विक्रेत्याला ठाऊक असलेल्या आणि खरेदीदाराला सामान्य काळजी घेऊनही दिसू शकले नसते अशा दोषांपुरते आहे. जी भेग डोळ्यांनी दिसते, जी फरशी पायाला पोकळ लागते, तिच्याबद्दल नंतर तक्रार करता येणे कठीण असते. शिवाय हे कलम करारात वेगळे काही ठरले नसेल तरच लागू होते, आणि छापील साठेखतांत ‘आहे त्या स्थितीत’ घर स्वीकारल्याचे वाक्य सर्रास असते. हे वाक्य वाचून मगच सही करावी. तपासणी झाली नसेल तर ते काढून टाकण्यास सांगावे.

नव्या सदनिकेच्या बाबतीत कायदा अधिक उदार आहे. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६, म्हणजेच ‘रेरा’, याच्या कलम १४ प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील रचनेचा, कारागिरीचा किंवा दर्जाचा दोष लेखी निदर्शनास आणला, तर विकासकाने तो ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करून द्यावा लागतो. मात्र ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा नसलेला भूखंड किंवा आठपेक्षा अधिक सदनिका नसलेली इमारत यांना महारेराकडे, म्हणजे या कायद्याखालील राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदणी करण्याची सक्ती नाही, आणि आपल्या तालुक्याच्या गावांत उभ्या राहणाऱ्या लहान इमारती व रो-हाउस बहुधा याच मापात बसतात. त्यामुळे ‘रेरा आहे ना’ या शब्दावर विसंबून न राहता नोंदणी क्रमांक मागून तो महारेराच्या संकेतस्थळावर पाहावा. पुनर्विक्रीचे घर असेल तर मूळ ताबापत्राची तारीख विचारावी, कारण पाच वर्षे त्या तारखेपासून मोजली जातात.

गृहकर्ज घेणाऱ्यांचा आणखी एक गैरसमज असतो. बँकेचा व्हॅल्युअर घर पाहून गेला म्हणजे घराची तपासणी झाली, असे मानले जाते. व्हॅल्युअर बँकेसाठी काम करतो. दिलेले कर्ज बुडाल्यास या मालमत्तेतून किती रक्कम वसूल होईल, हा त्याच्यापुढचा प्रश्न असतो. गच्चीवर पाणी साचते का, हा प्रश्न त्याला कोणी विचारलेलाच नसतो.

काळ्या जमिनीवरचे घर

जळगाव, धुळे, भुसावळ, चाळीसगाव यांच्या कडेच्या ज्या शिवारांत एके काळी कपाशी उभी असे, तेथे आता कॉलन्या आहेत. कपाशीला मानवणारी काळी माती घराच्या पायाला मात्र मुळीच मानवत नाही. बेसाल्ट खडकाच्या झिजेतून बनलेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकण खनिज असते. ते पाणी शोषून फुगते आणि सुकले की आकसते. उन्हाळ्यात शेतात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, त्याच हालचाली घराच्या पायाखालीही होत असतात. घराच्या मध्यभागाखालची माती झाकलेली असल्याने तिच्यातील ओलावा फारसा बदलत नाही, पण कडेची माती दरवर्षी सुकते आणि भिजते. परिणामी घराच्या कडा आणि कोपरे वर्षातून एकदा खाली जातात व एकदा वर येतात, आणि भिंती तडकतात.

यावर उपाय नाही असे नाही. पाया काळ्या मातीतून खाली नेऊन मुरमावर टेकवणे, जोत्याला आरसीसी प्लिंथ बीम देणे, जोत्याच्या आतील काळी माती काढून मुरमाची भर घालणे आणि घराभोवती पाणी मुरू नये म्हणून फरसबंदी करणे, ही कामे चांगले कंत्राटदार करतातच. माती फार खोल असेल तेथे तळाशी फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब जमिनीत उतरवतात; त्यांना अंडर-रीम्ड पाइल म्हणतात. ही पद्धत रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केली असून आयएस २९११ या भारतीय मानकाचा तिसरा भाग तिच्यासाठीच आहे. ऋतुमानाचा ओल-कोरडेपणा साधारण साडेतीन मीटरच्या खाली पोहोचत नाही, हा त्यामागील आधार आहे. प्रश्न एवढाच, की आपण घेत असलेल्या घरात यांपैकी काय केले आहे, हे जोते झाकले गेल्यावर दिसत नाही.

म्हणून आडवाटेने माहिती काढावी लागते. त्याच कॉलनीत कोठे नव्या घराचा पाया खोदला जात असेल तर तेथे जाऊन खड्डा पाहावा. काळी माती किती खोल आहे आणि मुरूम कोठे लागतो, हे त्यात उघड दिसते. विक्रेत्याकडे पाया भरतानाचे फोटो, आरसीसीचे नकाशे किंवा माती परीक्षणाचा अहवाल आहे का ते विचारावे. आसपासची घरे बाहेरून न्याहाळावीत. एकाच ओळीतील चार घरांच्या कोपऱ्यांवर सारखीच तिरपी भेग असेल, तर आपल्या घराचा रंग कितीही ताजा असला तरी त्याखाली काय असेल याचा अंदाज बांधता येतो.

भेगांचा अर्थ लावणे हा या तपासणीतील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. ‘भाऊ, ती प्लास्टरची भेग आहे, काही होत नाही,’ हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येते आणि पुष्कळदा ते खरेही असते. केसासारख्या बारीक, वेड्यावाकड्या, जाळीसारख्या भेगा प्लास्टर लवकर सुकल्याच्या खुणा असतात. कॉलम किंवा बीम आणि विटांची भिंत यांच्या सांध्यावर सरळ रेषेत गेलेली भेग सांध्यावर जाळी न लावल्यामुळे पडलेली असते. ती दिसायला वाईट, पण सहसा निरुपद्रवी असते. दीपनगरच्या वीजकेंद्रामुळे भुसावळ परिसरात राखेच्या विटा सहज मिळतात. त्या पुरेसे पाणी मारून न पिकवता वापरल्या असतील तर भिंतीत आकसण्याच्या बारीक भेगा दिसतात. याउलट दार-खिडकीच्या कोपऱ्यातून निघून तिरपी चढणारी भेग, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी जाणारी भेग आणि भिंतीच्या आतून-बाहेरून एकाच जागी दिसणारी भेग गंभीरपणे घ्यावी. ती वर रुंद आणि खाली निमुळती असेल, तर घराची कड किंवा कोपरा खचत असण्याची शक्यता अधिक असते.

एवढ्यावर न थांबता भेग जिवंत आहे की थांबलेली, हे पाहावे. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहावी, अथवा जुन्या गवंड्यांच्या रीतीप्रमाणे भेगेवर सिमेंटने काचेची पातळ पट्टी चिकटवावी. काही आठवड्यांनी पट्टी तडकली तर भिंत हलते आहे. अर्थात यासाठी विक्रेत्याची संमती लागते. ज्याला घाई आहे तो नकार देईल, आणि त्या नकारातूनही काही समजते. पावसाळ्यात घर पाहत असाल तर भेगा मिटलेल्या असतात, तेव्हा त्यांच्या जागा वेगळ्या रीतीने शोधाव्या लागतात: रंगाच्या छटेतील फरक, भरलेल्या पुट्टीचा उंचवटा, बॅटरीचा प्रकाश भिंतीला समांतर धरल्यावर दिसणारी रेघ, कपाटाने किंवा कॅलेंडरने झाकलेला कोपरा.

दारे-खिडक्या उघडून-मिटून पाहाव्यात. पावसाळ्यात लाकूड फुगल्याने दार अडते, ते वेगळे. पण चौकटीच्या वरच्या कोपऱ्याला गुण्या लावल्यावर काटकोन येत नसेल, किंवा दार मिटले असता वरची फट एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद असेल, तर भिंतीच हलल्या आहेत. खोलीच्या मध्यावर गोटी ठेवून ती कोठे घरंगळते ते पाहावे. मधली फरशी फुगून वर आली असेल तर ती भिंतीकडे जाते. शंका आल्यास गवंड्याला लेव्हल पाइप आणि ओळंबा घेऊन बोलवावे. अर्ध्या तासाचे काम आहे.

घराबाहेर पाहताना तीन गोष्टी विसरू नयेत. भिंतीलगत मोठे झाड असेल तर ते उन्हाळ्यात पायाखालचे पाणी ओढून घेते. शोषखड्डा, सेप्टिक टाकी किंवा गळका नळ पायाजवळ असेल तर तेवढीच जागा बारमाही भिजलेली राहून एकाच बाजूने फुगते. आणि कॉलनीचा रस्ता काँक्रीटचा करताना उंच झाला असेल, तर घराचे जोते रस्त्याच्या खाली गेलेले असते व पावसाचे पाणी अंगणात शिरते. हा दोष जुन्या कॉलन्यांत वारंवार आढळतो आणि त्यावर स्वस्त उपाय नसतो.

ऊन आणि स्लॅब

काँक्रीट दर अंश सेल्सिअसला आपल्या लांबीच्या सुमारे एक लक्षांश भागाने वाढते. हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण १२ मीटर लांबीचा स्लॅब ३० अंशांनी तापला की साडेतीन मिलिमीटरपेक्षा थोडा अधिक पसरतो आणि रात्री पुन्हा आकसतो. खान्देशातील उन्हाळ्यात असे रोज घडते. त्यामुळे सर्वांत वरच्या मजल्यावर, स्लॅबच्या लगेच खाली, भिंतीच्या टोकांशी आडवी भेग पडते. घर पडण्याची भीती तिच्यामुळे नसते. परंतु पहिल्या पावसात पाणी त्याच वाटेने आत येते, म्हणून ती मोजून टिपून ठेवावी. गच्चीच्या कठड्याच्या भिंतीवरही अशाच भेगा असतात.

उन्हाचा दुसरा परिणाम बांधकामाच्या वेळी घडलेला असतो. आयएस ४५६ नुसार काँक्रीटवर साध्या सिमेंटसाठी किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंटसाठी किमान दहा दिवस पाणी मारावे लागते. कोरड्या, तापलेल्या हवेत त्याहून अधिक. एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा प्यायच्या पाण्याचीच ओरड असते, तेव्हा टाकलेल्या स्लॅबवर किती पाणी मारले गेले असेल याचा विचार करावा आणि स्लॅब कोणत्या महिन्यात पडला हे जरूर विचारावे. प्लास्टरची परीक्षा सोपी आहे. आडोशाच्या जागी, उदाहरणार्थ मीटरच्या पेटीमागे, किल्लीने खरवडून पाहावे. वाळू भुरभुरत गळाली तर प्लास्टर पिकलेले नाही.

स्लॅबच्या खालच्या बाजूस आणि कॉलमच्या कोपऱ्यांत तांबूस डाग, सळईच्या रेषेत गेलेली सरळ भेग किंवा सुटलेले पोपडे दिसले, तर आतली सळई गंजते आहे असे समजावे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि काँक्रीट आतून फोडतो. लहान हातोडीने हलके ठोकत गेल्यास सुटलेला भाग पोचट वाजतो. माझ्या मते भिंतीच्या दहा भेगांपेक्षा कॉलमची अशी एक भेग अधिक काळजीची आहे, आणि ती दिसल्यावर अभियंत्याच्या अहवालाविना पुढे जाऊ नये. स्वयंपाकघर, न्हाणी, पाण्याच्या टाकीखालचा भाग आणि खिडकीचे छज्जे येथे ही परीक्षा आवर्जून करावी. छज्ज्यांचे कारण खास आपल्याकडचे आहे: चार महिने खिडकीत कूलर बसवलेला असतो, त्याचे पाणी सतत छज्ज्यावर आणि खिडकीच्या तळाशी झिरपते, आणि तेथील सळ्या सर्वांत आधी जातात.

पुढे वरचा मजला चढवायचा म्हणून पुष्कळ घरांच्या गच्चीवर कॉलमच्या सळ्या उघड्या सोडलेल्या असतात. विक्रेता त्या मोठ्या कौतुकाने दाखवतो. दहा वर्षे उन्हापावसात राहून त्या सळ्यांची जाडी किती उरली आहे हे कॅलिपरने मोजावे, आणि पाया खरोखर दोन मजल्यांसाठी आखला होता का, हे मंजूर नकाशावरून व आरसीसीच्या नकाशावरून पडताळावे. तसेच आज दिसणारा वरचा मजला मूळ मंजुरीत होता की नंतर चढवला, हेही त्याच नकाशावरून समजते. नंतर चढवलेला असल्यास अडचण दुहेरी असते: मंजुरी नसते आणि खालच्या कॉलमवर न हिशेबलेला भार असतो.

पाणी कोठून येते, कोठे जाते

गच्ची पावसाळ्यात पाहणे सर्वोत्तम. उन्हाळ्यात पाहत असाल तर पाऊस स्वतः पाडावा लागतो. पन्हाळीची तोंडे बंद करून गच्चीवर बोटभर पाणी ४८ तास साठवून ठेवावे आणि खालच्या छताचे निरीक्षण करावे. पाण्याची टंचाई असेल तेव्हा हे जमत नाही. अशा वेळी शंका असलेल्या भागापुरता मातीचा लहान बांध घालून तेवढीच जागा भिजवावी. गच्चीला पन्हाळीकडे मीटरला किमान एक सेंटिमीटर उतार असावा. ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, असेल तर तो ठोकून पाहावा, आणि कठडा व स्लॅब यांच्या सांध्याला गोलसर वाटा काढलेला आहे का ते पाहावे. उन्हाळी कामांच्या दिवसांत कुरडया-बिबड्यांसाठी गच्चीवर रोज वावर असतो, तेव्हा जुन्या थरावर रंगासारखा फासलेला पातळ जलरोधक लेप एक-दोन वर्षांत उडून गेलेला असतो. तो लावल्याचे विक्रेत्याने सांगितल्यास कोणत्या वर्षी लावला तेही विचारावे.

उन्हाळ्यात ओल दिसत नसली तरी तिने मागे ठेवलेला लोणा दिसतो. भिंतीच्या तळाशी, जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत पांढरी भुकटी, फुगलेला रंग किंवा निखळलेले प्लास्टर असेल, तर जमिनीतील ओल जोत्यावरून वर चढते आहे. एखाद्या खोलीच्या तेवढ्याच भागाला नुकत्याच टाइल्स किंवा लाकडी पट्ट्या बसवलेल्या असतील तर त्या शोभेसाठी बसवल्या आहेत असे चटकन मानू नये. सदनिका असेल तर खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांकडे जाऊन त्यांच्या न्हाणीचे छत पाहू देण्याची विनंती करावी. आपल्या नहाणी ट्रॅपचा (न्हाणीतील सांडपाण्याच्या तोंडाचा) आणि सांध्यांचा खरा अहवाल तेथे लिहिलेला असतो. वरची सदनिका रिकामी असेल तर आज गळत नसलेले छत उद्या गळू शकते.

नदीकाठच्या आणि नाल्याकाठच्या घरांबाबत वेगळी चौकशी करावी. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस तितूर आणि डोंगरी नद्यांना आलेल्या पुराने चाळीसगाव शहरात पाणी शिरले होते, हे अद्याप सर्वांच्या स्मरणात आहे. पण उन्हाळ्यात तितूर किंवा पांझरा पाहणाऱ्या बाहेरगावच्या खरेदीदाराला त्या कोरड्या पात्राची धास्ती वाटत नाही. जलसंपदा विभाग पूररेषा आखतो. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामास मनाई असते. भूखंड या रेषांच्या कोणत्या बाजूस आहे हे नगररचना विभागात विचारावे, आणि त्याच गल्लीतील एखाद्या वयस्क काकूंना पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते तेही विचारावे. दुसरे उत्तर लवकर मिळते.

पिण्याच्या पाण्याचा हिशेब मांडून पाहावा. शहरी घरासाठी दर माणशी दररोज १३५ लिटर हे मान धरतात. पाच माणसांच्या कुटुंबाला दिवसाला ६७५ लिटर लागतात, आणि नळ चार दिवसांआड येत असेल तर जमिनीखालची टाकी तीन-साडेतीन हजार लिटरांची तरी असावी. ती रिकामी करून, आत बॅटरी टाकून, भिंतींच्या भेगा पाहाव्यात; काळ्या मातीत पुरलेली टाकी फुटते आणि गळणारे पाणी पुन्हा पायाखाली जाते. बोअर असेल तर तिचा कस मे महिन्यातच लागतो. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात भूजल खूप खाली गेले आहे, तेव्हा ‘बोअरला पाणी भरपूर’ हे ऑगस्टमधील वाक्य जमेस धरू नये.

विजेबाबत थोडक्यात: अर्थिंगचा खड्डा कोठे आहे ते दाखवण्यास सांगावे, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारी कळ) बसवलेली आहे का ते पाहून तिचे चाचणीचे बटण दाबावे, आणि कूलर, पंप व एसी यांचा भार पेलेल अशी वायर आहे का हे वायरमनकडून तपासून घ्यावे. ओल्या कूलरला हात लावताच झटका बसणे ही उन्हाळ्यातील नेहमीची दुर्घटना आहे आणि तिच्यामागे बहुधा अर्थिंग नसणे हेच कारण असते.

धाब्याची जुनी घरे

अमळनेर, चोपडा, एरंडोल, पारोळा यांच्या जुन्या पेठांत आणि गावठाणांत अजून धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची, घरे विकली जातात. उन्हाळ्यात ती सिमेंटच्या घरापेक्षा कितीतरी थंड असतात आणि त्यांतील सागवान आज परवडणार नाही असे असते. म्हणून ती घेऊच नयेत असे मुळीच नाही. त्यांची परीक्षा मात्र वेगळी आहे. धाब्यावर दर पावसाळ्यापूर्वी नवी माती टाकण्याची रीत असल्याने थर वर्षानुवर्षे वाढत जातो. एक फूट मातीचे वजन दर चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास भरते, आणि भिजल्यावर ते आणखी वाढते. थर किती आहे हे एका जागी उकरून मोजावे, आणि खालचे सर (मुख्य तुळया) व कड्या मध्ये वाकल्या आहेत का ते दोरी ताणून पाहावे.

लाकूड कुजते ते भिंतीत गेलेल्या टोकांशी आणि खांबाच्या तळाशी, जेथे तो तळखड्यावर टेकतो. तेथे दाभण टोचावे. निरोगी सागात ते शिरत नाही, वाळवीने खाल्लेल्या लाकडात सहज जाते. वरून ऑइलपेंट दिलेले खांब विशेष लक्ष देऊन टोचावेत. मातीच्या भिंतींना बाहेरून सिमेंटचे प्लास्टर केले असेल तर आतली ओल बाहेर पडू शकत नाही आणि भिंत आतून मऊ होते. शेजारच्या घराशी सामाईक भिंत असेल तर शेजाऱ्यांचा घर पाडून बांधण्याचा विचार आहे का, हे त्यांनाच भेटून विचारावे, आणि ती भिंत कोणाच्या मालकीची आहे हे मालमत्ता पत्रकावरील मोजणीशी ताडून पाहावे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे. त्यावर नाव असणे हा मालकीचा पुरावा होत नाही.

माणूस कोणता बोलवावा आणि कधी

वर सांगितलेले बरेचसे काम खरेदीदार स्वतः, एखाद्या जाणत्या गवंड्याला सोबत घेऊन करू शकतो. ओळखीच्या कंत्राटदाराला नेण्याची प्रथा आहे. पण त्याला त्याच घराच्या दुरुस्तीचे काम मिळण्याची आशा असेल तर त्याचे मत त्या बाजूस झुकते. अमेरिकेत घराची तपासणी हा स्वतंत्र व्यवसाय आहे, आपल्याकडे तसा परवानाधारक वर्ग नाही. म्हणून महानगरपालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या यादीतील स्ट्रक्चरल इंजिनिअरला ठरावीक शुल्क देऊन बोलवावे, आणि तो विक्रेत्याचा किंवा दलालाचा माणूस नसावा. जुनी किंवा शंकास्पद इमारत असेल तर तो रिबाउंड हॅमरने काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कणखरपणा पाहील, अल्ट्रासॉनिक तरंगांनी आतील पोकळी शोधेल आणि आवश्यक वाटल्यास फिनॉल्फ्थेलिनचा द्राव टाकून पाहील: निरोगी काँक्रीट गुलाबी होते, हवेने क्षारता गमावलेले काँक्रीट रंग धरत नाही आणि त्यातील सळईला गंजापासून संरक्षण उरलेले नसते. सदनिकेसाठी सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागावा. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी व्हावयास हवे. अहवाल नाही असे उत्तर आले तर दुरुस्तीच्या खर्चातील आपला वाटा किती येईल याचा अंदाज किमतीतूनच वजा करून बोलणी करावीत.

अहवाल लेखी असावा, त्यात प्रत्येक दोषाची जागा, भेगेची रुंदी मिलिमीटरमध्ये, तारखेचा फोटो आणि दुरुस्तीचा अंदाजे खर्च असावा. तोंडी ‘घर चांगले आहे’ याला बोलणीच्या वेळी किंमत नसते. उलट कागदावरचा आकडा पुढे ठेवला की विक्रेत्याशी वाद न घालता किंमत खाली येऊ शकते. हे सर्व इसाराच्या आधी व्हावे. मुहूर्त साधायचाच असेल तर आखाजीला अगदी नाममात्र रक्कम द्यावी आणि इसार पावतीत असे लिहून घ्यावे, की अमुक दिवसांच्या आत खरेदीदार स्वखर्चाने तपासणी करून घेईल आणि रचनेचा गंभीर दोष आढळल्यास रक्कम पूर्ण परत मिळेल. घर उन्हाळ्यात पाहिले असेल तर शक्य असल्यास खरेदीखत पहिले दोन-तीन मोठे पाऊस होऊन गेल्यावर ठेवावे, आणि दिवाळीच्या सुमारास पाहिले असेल तर रंग लावण्यापूर्वीचे फोटो मागावेत.

दुरुस्ती विक्रेत्यानेच करून द्यायची ठरली, तर कोणते काम, कोणत्या साहित्याने आणि कोणत्या तारखेपर्यंत होईल हे साठेखतात लिहावे व त्या किमतीएवढी रक्कम राखून ठेवावी. काम झाल्यावर, पण पुट्टी आणि रंग लागण्यापूर्वी, अभियंत्याला पुन्हा एकदा घरात न्यावे, आणि त्याने लेखी होकार दिल्यानंतरच राखलेली रक्कम विक्रेत्याच्या हाती द्यावी.